दिव्यांग विद्यार्थ्यांसाठीच्या वर्गसहाय्यकांना काय शिकवावे आणि सुरुवात कशापासून करावी?

प्रश्न : शाळेतील समन्वयक

नमस्कार.

आमच्या शाळेत येत्या सत्रापासून काही नवे वर्गसहाय्यक रुजू होत आहेत. सर्वसाधारण वर्गांत शिकणाऱ्या दिव्यांग मुलांना दिवसभर साथ देणे हे त्यांचे काम असेल. या मुलांपैकी काही स्वमग्न आहेत, काहींना सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे शरीराच्या हालचालींवर ताबा कमी असणे) आहे, एका मुलीची दृष्टी अधू आहे आणि एका मुलाला अपस्माराचे झटके येतात. रुजू होणाऱ्या बहुतेकांना मुलांची मनापासून ओढ आहे. अध्यापनाचे शिक्षण मात्र जवळजवळ कोणीच घेतलेले नाही. त्यांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी माझ्याकडे आहे आणि सत्रापूर्वीचे मोजके दिवस व त्यानंतर आठवड्याला जेमतेम एक तास, एवढाच वेळ हाती आहे.

अशा प्रशिक्षणाचे जे आराखडे मला पाहायला मिळाले, त्यांत प्रत्येक अपंगत्वाची व्याख्या, कारणे आणि लक्षणे यांवर बराचसा वेळ खर्च होतो आणि प्रत्यक्ष वर्गातील मदतीचा विषय शेवटी, उरलेल्या वेळात येतो. असे प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती स्वमग्नतेविषयी चार वाक्ये नीट सांगू शकेल. पण गणिताच्या तासाला मुलाने वही मिटून कान झाकून घेतले, तर त्या वेळी काय करायचे हे तिला कळेलच असे नाही.

माझी दुसरी चिंता याहून मोठी आहे. आमच्याकडील एक जुन्या सहाय्यिका अतिशय जिव्हाळ्याने काम करतात, तरीही त्यांनी सांगितल्याशिवाय त्यांच्याकडचा मुलगा दप्तर उघडत नाही, आणि शिक्षकसुद्धा त्याला विचारायचा प्रश्न त्यांच्याकडे पाहूनच विचारतात. मुलगा हुशार आहे. हे असेच चालू राहिले, तर वर्षे सरतील आणि तो मात्र होता तिथेच राहील, याचे मला फार वाईट वाटते. नव्या सहाय्यकांना सुरुवातीलाच काय शिकवले म्हणजे हे टळेल? अपंगत्वाची माहिती किती द्यावी? आणि वर्गशिक्षकांनाही या प्रशिक्षणात बसवणे आवश्यक आहे का?

उत्तर १ : विशेष शिक्षिका

तुमच्या दोन्ही चिंतांचे मूळ एकच आहे, असे मला वाटते. सहाय्यकाला मदत कशी करावी हे आपण थोडेफार सांगतो, पण ती मदत कमी कशी करत न्यावी हे जवळजवळ कधीच शिकवत नाही. माझ्या मते प्रशिक्षणाचा पहिला दिवस याच विषयाला द्यावा.

या प्रश्नाचा अभ्यास पूर्वीच झालेला आहे. अमेरिकेतील मायकेल जियांग्रेको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सहाय्यक सतत मुलाला चिकटून राहिल्यास काय घडते हे वर्गांत प्रत्यक्ष बसून नोंदवले होते. वर्गशिक्षक त्या मुलाची जबाबदारी आपली मानेनासे होतात, मूल इतर मुलांपासून वेगळे पडते, मोठ्यांवर विसंबून राहू लागते, समवयस्कांशी त्याचे बोलणे घटते आणि स्वतःविषयीचे साधे निर्णयही त्याच्या हातून निसटतात, असे त्यांना आढळले. तुम्ही वर्णन केलेल्या वर्गात यातले बरेच काही दिसते. त्यात त्या सहाय्यिकांचा दोष मुळीच नाही, कारण ‘मुलाजवळ राहा’ यापलीकडे त्यांना बहुधा कोणी काही सांगितलेले नसते.

म्हणून पहिल्याच दिवशी मदतीच्या पायऱ्या शिकवाव्यात. एकच कृती घ्यावी, उदाहरणार्थ तासाच्या सुरुवातीला वही काढणे, आणि तिच्यासाठी सर्वांत कमी मदतीपासून सर्वांत जास्त मदतीपर्यंतचा क्रम सर्वांनी मिळून लावावा. आधी नुसते थांबणे. मग बाकावर लावलेल्या चित्र-वेळापत्रकाकडे बोट दाखवणे. मग एखादा शब्द. मग स्वतः करून दाखवणे. आणि अगदी शेवटी, मुलाच्या संमतीने, हाताला हात लावून करून घेणे. मुलाला जे थोडेफार येते तिथे खालच्या पायरीपासून सुरुवात करावी. अगदी नवे कौशल्य शिकवताना मात्र उलट क्रम सोयीचा पडतो, म्हणजे आधी पुरेशी मदत देऊन कृती बिनचूक करून घ्यायची आणि मग ती मदत टप्प्याटप्प्याने काढून घ्यायची. कोणत्या कृतीसाठी कोणता क्रम वापरायचा हे विशेष शिक्षकाने ठरवून लिहून द्यावे. तो निर्णय नवख्या सहाय्यकावर सोडणे योग्य नाही.

तोंडी सूचनेबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण सर्वाधिक गुंता तिथेच होतो. ‘वही काढ’, ‘पान उलट’, ‘इथे लिही’ असे बोलत राहणे सर्वांत सोपे वाटते, आणि नेमकी हीच मदत काढून घ्यायला फार अवघड जाते. प्रत्येक कृतीआधी आवाज येणारच, हे मुलाच्या अंगवळणी पडते आणि पुढे तो आवाज हीच त्याच्या कामाची खूण होऊन बसते. चित्र, यादी, घड्याळ किंवा शेजारच्या मुलाकडे पाहणे या खुणा सहाय्यक वर्गात नसतानाही मुलापाशी राहतात. म्हणून तोंडी सूचनेआधी नेहमी दिसणारी खूण वापरावी, हा नियम मी सर्व नव्या सहाय्यकांना घालून देते.

थांबण्याचा सरावही मुद्दाम करून घ्यावा लागतो. अमेरिकेतील शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात आणि हे थांबणे तीन सेकंद किंवा अधिक केले, की मुलांची उत्तरे लांब आणि विचारपूर्वक होतात. ज्या मुलाला शब्द जुळवायला किंवा हाताची हालचाल करायला वेळ लागतो, त्याला याहून कितीतरी अधिक अवधी हवा असतो. प्रशिक्षणात एकाने मूल व्हावे, एकाने सहाय्यक व्हावे आणि सूचना दिल्यावर मनात सावकाश दहापर्यंत मोजून मगच पुढची मदत द्यावी. ते दहा आकडे मोठ्या माणसाला किती लांबलचक वाटतात, हे स्वतः केल्याशिवाय कळत नाही.

अपंगत्वाची माहिती जरूर द्यावी, पण ती त्या त्या मुलाच्या निमित्ताने द्यावी. प्रत्येक मुलासाठी एक पान पुरते. त्याला काय आवडते, तो काय स्वतः करतो, बोलणे कसे समजून घेतो, कशाने अस्वस्थ होतो, आरोग्याची कोणती काळजी घ्यायची आणि या सत्रात त्याने कोणत्या गोष्टी एकट्याने करायला शिकायच्या आहेत, एवढे त्यावर असावे.

उत्तर २ : वर्गशिक्षक

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे; मात्र तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर त्यात राहून गेले आहे. वर्गशिक्षकांना बसवलेच पाहिजे, किंबहुना त्यांच्यावाचून हे प्रशिक्षण अर्धेच राहते.

इंग्लंड आणि वेल्समध्ये पीटर ब्लॅचफोर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ ते २००८ या काळात शाळांतील सहाय्यकांच्या कामाचा फार मोठा अभ्यास केला. ज्या मुलांना सहाय्यकांची मदत अधिक मिळत होती, त्यांची अभ्यासातील प्रगती त्यांच्यासारख्याच पण कमी मदत मिळणाऱ्या मुलांपेक्षा कमी होती, असा त्याचा निष्कर्ष होता. अनेकांनी तो सहाय्यकांविरुद्धचा पुरावा म्हणून वाचला आणि ते अन्यायाचे होते. संशोधकांनी कारणे दाखवली ती शाळेच्या व्यवस्थेतली होती. सहाय्यकांची पूर्वतयारी करून घेतली जात नव्हती, शिक्षकांशी बोलायला त्यांना वेळ मिळत नव्हता, आणि सर्वांत अवघड मुले सर्वांत कमी प्रशिक्षित व्यक्तीकडे सोपवून शिक्षक उरलेल्या वर्गाकडे वळत होते. मूल सहाय्यकापाशी जितका वेळ असे, तितके ते शिक्षकापासून दूर राही.

तेव्हा शिक्षकांनी तीन गोष्टी स्वतःकडे घ्याव्यात, असे मला वाटते. तासापूर्वी सहाय्यकाला त्या दिवसाचा मुद्दा, नवे शब्द आणि मुलाकडून असलेली अपेक्षा कळवायची; लेखी ओळ पुरेशी होते. प्रश्न थेट मुलाला, त्याच्या नावाने विचारायचा. आणि रोज काही वेळ स्वतः त्या मुलाजवळ बसायचे, ज्या वेळी सहाय्यक वर्गात फिरून इतर मुलांना मदत करील. ही शेवटची गोष्ट मी आग्रहाने सुचवतो, कारण सहाय्यक सर्व मुलांकडे जाऊ लागला, की त्या एका मुलावरचा शिक्का पुसला जातो.

सहाय्यकांनाही हे स्पष्ट सांगावे की, मुलाचे काम पूर्ण होऊन फळ्यावरच्यासारखे दिसणे हे आपले उद्दिष्ट नाही. अर्धवट पण स्वतः सोडवलेले उदाहरण शिक्षकाला खरी माहिती देते. सहाय्यकाने सुधारून दिलेल्या वहीवरून मूल कुठे अडले आहे, हे मला कळू शकत नाही.

उत्तर ३ : ऑक्युपेशनल थेरपिस्ट

स्वावलंबनावर वर छान चर्चा झाली आहे. शरीराशी आणि सुरक्षिततेशी संबंधित भाग मात्र सत्र सुरू होण्यापूर्वीच झाला पाहिजे. तो आठवड्याच्या तासावर ढकलू नये.

अपस्माराचा झटका आल्यास काय करायचे, हे फक्त नेमलेल्या सहाय्यकाला नव्हे, वर्गात जाणाऱ्या प्रत्येक मोठ्या व्यक्तीला पाठ असावे. झटका सुरू झाल्याची वेळ पाहावी, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर साराव्यात, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, हातपाय दाबून धरू नयेत आणि तोंडात काहीही घालू नये. आचके थांबल्यावर मुलाला कुशीवर वळवावे, तो पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत जवळ थांबावे आणि तोवर पाणीसुद्धा पाजू नये. झटका पाच मिनिटांहून अधिक लांबला, लागोपाठ दुसरा आला किंवा श्वास नीट चालत नसेल, तर तातडीची वैद्यकीय मदत बोलवावी. डॉक्टरांनी त्या मुलासाठी वेगळी लेखी सूचना दिली असेल तर तिचे पालन करावे. शिवाय काही झटके केवळ काही सेकंद एकटक पाहत राहण्याच्या स्वरूपात येतात. सहाय्यक अशा वेळी ‘लक्ष देत नाही’ असे लिहून मोकळा होतो. म्हणून अशा क्षणांची वेळ टिपून ठेवायला शिकवावे.

व्हीलचेअरवरील मुलाला उचलणे किंवा बाकावर हलवणे हे व्याख्यानात शिकवण्यासारखे नाही. त्या मुलाच्या थेरपिस्टने, त्याच मुलासोबत, त्याच खोलीत ते दाखवावे आणि सहाय्यकाकडून करून घ्यावे. ब्रेक लावले का, पाय ठेवण्याच्या पट्ट्या बाजूला केल्या का, हे दर वेळी पाहावे. मुलाला हात धरून ओढत उचलू नये. एकाच स्थितीत फार वेळ बसल्याने त्वचेवर दाब येतो, त्यामुळे बसण्याची स्थिती कधी आणि कशी बदलायची हेही ठरलेले असावे. गिळण्याची अडचण असलेल्या मुलाला भरवण्याचे काम तर ती पद्धत शिकलेल्या व्यक्तीशिवाय कोणीही करू नये.

स्वच्छतागृहातील मदतीविषयी बोलायला सगळेच संकोचतात आणि त्यामुळे मुलांना ते सोसावे लागते. स्पर्श करण्यापूर्वी मुलाला सांगावे, त्याला जमेल तेवढा भाग त्यालाच करू द्यावा, दार बंद असावे आणि त्या विषयाचा उच्चार इतर मुलांसमोर कधीही होऊ नये. मुलाने ‘नको’ म्हटले तर ते ऐकले जाते, हा अनुभव त्याला शाळेत मिळाला पाहिजे, कारण दिव्यांग मुलांच्या शरीराला हात लावणारी माणसे पुष्कळ असतात आणि नकार देण्याची सवय त्यांना क्वचितच लागू दिली जाते. या भागावर मुलाच्या पालकांशी आधी बोलून लेखी ठरवून घ्यावे.

अधू दृष्टीच्या मुलीबाबत एकच गोष्ट सांगते. तिचा हात धरून तिला नेऊ नये. तिने सहाय्यकाच्या कोपराच्या जरा वर धरावे आणि अर्धे पाऊल मागून चालावे. ‘तिकडे ठेव’ असे न म्हणता ‘तुझ्या उजव्या हाताच्या बाकावर ठेव’ असे म्हणण्याचा सराव सर्वांनी करावा.

उत्तर ४ : सेरेब्रल पाल्सी असलेला एक माजी विद्यार्थी

मी सर्वसाधारण शाळेत सहाय्यकाच्या मदतीने शिकलो आणि आजही बोलण्यासाठी उपकरण वापरतो. या चर्चेत माझ्यासारख्यांचे म्हणणे यावे, म्हणून लिहीत आहे.

चांगल्या सहाय्यकाचे मोल मी जाणतो. माझे एक सहाय्यक मधल्या सुट्टीत मला मुलांच्या घोळक्यात सोडून मुद्दाम दूर, पण दिसेल इतक्या अंतरावर उभे राहत. मोठे माणूस शेजारी असले, की मुले माझ्याशी बोलताना त्या माणसाकडे पाहत आणि मनातले बोलत नसत. ते दूर गेल्यावर मला पहिल्यांदा कोणीतरी शिक्षकांची नक्कल करून दाखवली. मैत्री अशीच होते, आणि तीसुद्धा शाळेतच शिकायची असते.

संवादाचे साधन, मग तो चित्रांचा फलक असो वा उपकरण, मुलाच्या हाताशी सतत असले पाहिजे. ते दप्तरात ठेवणे किंवा शिक्षा म्हणून काढून घेणे म्हणजे त्या मुलाचे तोंड बांधणे आहे. सहाय्यकाने स्वतः बोलतानाही फलकावरील चित्रांवर बोट ठेवत बोलावे, कारण ती भाषा कोणी वापरताना पाहिलीच नाही, तर मूल ती कुठून शिकणार? आणि माझे वाक्य अर्ध्यावर असताना कृपया ते पूर्ण करू नका. अंदाज बरोबर असला तरी ते वाक्य मग माझे राहत नाही.

प्रशिक्षणात एखादा दिव्यांग प्रौढ शिकवणारा म्हणून बोलवावा, अशी माझी सूचना आहे. आपली करुण कहाणी सांगण्यासाठी त्याला बोलावू नये. सहाय्यकांचा सराव पाहून कुठे थांबायला हवे होते, हे त्याने सांगावे.

उत्तर ५ : वर्गसहाय्यिका

समन्वयकांनी वही मिटून कान झाकणाऱ्या मुलाचा उल्लेख केला आहे, त्याविषयी लिहिते. मला सर्वांत उपयोगी पडले ते तीन रकान्यांत नोंद ठेवणे. आधी काय घडले, मुलाने काय केले आणि त्यानंतर काय झाले. ‘हट्ट केला’ असे लिहायचे नाही, जे दिसले तेवढेच लिहायचे. काही दिवसांच्या नोंदी एकत्र पाहिल्या, की कधी वर्गातला गोंगाट, कधी न समजलेले उदाहरण, तर कधी दोन्ही असल्याचे लक्षात येते आणि प्रत्येकासाठी उपाय वेगळा असतो. न समजल्यामुळे जे मूल वही मिटते, त्याला ‘मदत हवी’ असे लिहिलेले कार्ड उचलायला शिकवता येते. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी १९८५ मध्ये हेच दाखवले होते, असे मला आमच्या विशेष शिक्षिकांनी सांगितले: मदत किंवा लक्ष मागण्याची नीट रीत मुलाला शिकवली, की त्रासदायक वागणे कमी होते.

आणखी एक विनंती आहे. मुलाविषयीच्या बैठकींना आम्हालाही बोलवावे. आम्ही दिवसभर त्याच्याजवळ असतो, आणि तरीही त्याची उद्दिष्टे आम्हाला कित्येकदा उडत उडत कळतात.

समन्वयकांचा पुढील प्रश्न

सर्वांचे मनापासून आभार. पहिले दिवस सुरक्षितता आणि मदतीच्या पायऱ्या यांना द्यायचे आणि वर्गशिक्षकांना सोबत बसवायचे, हे मी नक्की केले आहे. माजी विद्यार्थ्याची सूचनाही अमलात आणणार आहे. आता आठवड्याच्या त्या एका तासाचे काय करावे आणि प्रशिक्षणाचा उपयोग झाला की नाही, हे कशावरून ओळखावे, एवढे कृपया सांगावे.

उत्तर ६ : विशेष शिक्षिका

तो तास बैठकीच्या खोलीत संपूर्ण खर्च करू नका. शिक्षकांच्या प्रशिक्षणावर काम करणाऱ्या ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० च्या दशकातच मांडले होते की, ऐकलेली आणि पाहिलेली गोष्ट वर्गात उतरायची असेल, तर प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी कोणीतरी सोबत राहून मार्गदर्शन करावे लागते. सहाय्यकांना हे दुप्पट लागू आहे. त्या तासाचे लहान तुकडे करा आणि आळीपाळीने वर्गांत जा. एका वेळी एकच कौशल्य पाहा, समजा या आठवड्यात थांबणे आणि पुढच्या आठवड्यात बोलण्याऐवजी खूण करणे. सांगणे, करून दाखवणे, करून घेणे आणि लगेच अभिप्राय देणे, हा क्रम सोडू नका. अभिप्राय मुलासमोर देऊ नका, पण दिवस संपेपर्यंत टाळूही नका. तास संपताच दारात दोन वाक्ये बोलली तरी चालतील. ‘छान काम करता’ या वाक्यातून कोणी काही शिकत नाही. ‘त्याने पेन्सिल शोधायला वेळ घेतला तेव्हा तुम्ही थांबलात आणि ती त्याला सापडली’ या वाक्यातून शिकता येते.

प्रशिक्षणानंतरची लेखी चाचणी घ्यायची तर घ्या, पण उपयोग झाला का, हे मुलाकडे पाहून ठरवा. प्रत्येक मुलासाठी रोजची एक-दोन कामे निवडा, त्यांचे टप्पे पाडा आणि कोणता टप्पा कोणत्या मदतीने झाला हे सहाय्यकाला एका अक्षराने टिपायला सांगा: ‘ए’ म्हणजे एकट्याने, ‘खू’ म्हणजे खुणेने, ‘तों’ म्हणजे तोंडी सूचनेने, ‘हा’ म्हणजे हात लावून. नोंद एवढी सोपी नसेल तर ती वर्गाच्या धांदलीत होणार नाही. दर पंधरवड्याला ती कागदपत्रे वर्गशिक्षक आणि सहाय्यक यांच्यासोबत बसून पाहा.

‘ए’ वाढत असेल, तर पुढचे काम निवडा. तीच ती अक्षरे आठवड्यामागून आठवडे येत असतील, तर सहाय्यकाला बोल लावण्याआधी टप्पे फार मोठे पडलेले नाहीत ना, खूण मुलाला दिसते आणि समजते ना, आणि ते काम करण्यासारखे काही कारण त्याला वाटते ना, हे तपासा. आणि ज्या सहाय्यिकांविषयी तुम्ही सुरुवातीला लिहिले, त्यांना नव्या लोकांसोबत शिकायला बसवण्यापेक्षा दप्तर उघडण्याचे टप्पे त्यांच्याकडूनच पाडून घ्या. त्या मुलाला त्यांच्याइतके जवळून तुमच्या शाळेत दुसरे कोणी पाहिलेले नाही.